सी-७००० चेसिस आणि बीएल४६०सी ब्लेड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वापरातला संच असा: एचपीई ब्लेडसिस्टिम सी-७००० ही १० यू (रॅकमधल्या उंचीचं माप) उंचीची चेसिस, म्हणजे ब्लेडं सामावणारा सामाईक सांगाडा, त्यात बीएल४६०सी जेन९ ची ११ ब्लेडं (ब्लेड म्हणजे चेसिसमध्ये सरकवायचा पातळ सर्व्हर), २४०० वॉटचे ६ पॉवर सप्लाय, १० पंखे आणि चेसिसवर देखरेख ठेवणाऱ्या ऑनबोर्ड अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची २ मॉड्यूल. या मॉड्यूलला सगळे ओए म्हणतात, इथेही तेच म्हटलं आहे. सी-क्लास घराणं २००६ मधलं, त्यामुळे नवलाईचं काही उरलेलं नाही. आज अशी चेसिस वापरलेली म्हणून हाती येते, नाहीतर आधीपासून रॅकमध्ये बसलेली असते. घ्यावी की नाही, या प्रश्नात म्हणून फार शिरत नाही. ब्लेड कसं बसवायचं आणि ते खरंच ठीक आहे हे कशावरून ओळखायचं, यावरच भर आहे.

आठ महिन्यांत एक मत पक्कं झालं. इथे ब्लेडला स्वतःचं असं फार थोडं असतं. वीज, हवा, नेटवर्कची वाट, मॅनेजमेंटचा पत्ता, सगळं चेसिसकडून येतं. बिघाड शोधतानाही आधी चेसिस आणि मग ब्लेड हा क्रम ठेवला की बरीच उघडझाक वाचते. टॉवर किंवा रॅक सर्व्हरची सवय असलेला माणूस नेमकं उलटं करतो आणि तासभर रॅम काढत-घालत बसतो.

रॅकमध्ये बसवण्याबद्दल थोडक्यात: पूर्ण भरलेली चेसिस २१७ किलोंपर्यंत जाते. उचलण्याआधी ब्लेडं, पॉवर सप्लाय, पंखे, मागची मॉड्यूल सगळं काढायचं, प्रत्येकावर बेचा, म्हणजे त्याच्या खणाचा, नंबर लिहून ठेवायचा आणि रिकामा सांगाडा रॅकच्या तळाकडे बसवायचा. नंबर लिहिण्याचा कंटाळा केला तर पुढे नेटवर्कचे घोळ होतात, कारण व्हर्च्युअल कनेक्टमध्ये (चेसिसच्या मागे बसणारी एचपीईची नेटवर्क मॉड्यूल) मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची यंत्राची ओळख, ज्या प्रोफाइलमधून येतो ते प्रोफाइल बेला जोडलेलं असतं. ब्लेडं अदलाबदल झाली की यंत्रांची ओळखही अदलाबदल होते.

समोरून पाहिलं तर वरच्या ओळीत १ ते ८ आणि खाली ९ ते १६ असे अर्ध्या उंचीचे बे आहेत. १ च्या खाली ९, २ च्या खाली १०. पण विचार बेचा नाही, झोनचा करावा लागतो. १, २, ९, १० हा एक झोन. ३, ४, ११, १२ दुसरा. याप्रमाणे एकूण ४. झोनमध्ये मधली आडवी फळी असेल तर तिथे अर्ध्या उंचीचीच ब्लेडं बसतात. पूर्ण उंचीचं ब्लेड हवं असेल तर फळी काढावी लागते, आणि त्यासाठी त्या झोनमधली ब्लेडं आधी बाहेर घ्यावी लागतात. मोठं ब्लेड पुढे कधी येणार असेल तर एक झोन सुरुवातीलाच राखून ठेवलेला बरा.

पंख्यांचा नियम काटेकोर आहे. संख्या ४, ६, ८ किंवा १० यांपैकीच असावी लागते. ४ पंखे असतील तर ते पंखा बे ४, ५, ९, १० मध्ये, आणि अर्ध्या उंचीची ब्लेडं जास्तीत जास्त दोन, तीही पहिल्याच झोनमध्ये. ६ असतील तर पंखे ३, ४, ५, ८, ९, १० मध्ये आणि ब्लेडं पहिल्या दोन झोनमध्ये. ८ पंख्यांवर सोळाही बे चालतात. तेव्हा रिकामे राहतात ते पंखा बे ३ आणि ८. पंख्यांची मोजणी चेसिसच्या मागून होते, वर १ ते ५ आणि खाली ६ ते १०. समोर उभं राहून ‘डावीकडचा दुसरा’ असं फोनवर सांगितलं तर मागचा माणूस भलताच पंखा उपसतो. नुसता नंबर सांगावा. आणि चेसिस घेताना दहाही पंखे घेऊन टाकावेत. ही तक्ता-जुळवणी कायमची संपते.

रिकाम्या बेमध्ये ब्लँक हवाच. ब्लँक म्हणजे शोभेचं झाकण नव्हे. तो नसेल तर हवा सोप्या वाटेने उघड्या बेमधून निघून जाते, शेजारच्या ब्लेडला कमी मिळते, पंखे वेग वाढवतात आणि खोलीत बोलणं ऐकू येईनासं होतं. आवाज अचानक वाढला की आधी ब्लँक मोजायचे. पॉवर सप्लाय, पंखे आणि मागची मॉड्यूल यांच्या रिकाम्या जागांनाही हेच लागू.

विजेकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवं. पॉवर सप्लाय समोरून तळाशी बसतात, केबल मात्र मागून येतात. सिंगल फेज चेसिसला मागे सी-२० जातीचे ६ इनलेट आहेत आणि २४०० वॉट मिळायचे तर २०० ते २४० व्होल्ट लागतात. दोनच सप्लाय असतील तर बे १ आणि ४. चार असतील तर १, २, ४, ५. एसी रिडंडंट मोडमध्ये (एक फीड गेला तरी चेसिस चालू राहावी अशी मांडणी) १ ते ३ एका फीडवर, म्हणजे एका स्वतंत्र वीजवाटेवर, आणि ४ ते ६ दुसऱ्या फीडवर असायला हवेत. हिशेब सोपा आहे: सहा सप्लायपैकी तीनच धरायचे, म्हणजे ७२०० वॉट. पॉवर सप्लाय रिडंडंट मोड निवडला तर पाच धरतात आणि आकडा १२००० वर जातो, पण एक फीड गेला की त्यातले तीन एकदम जातात. दोन वेगळे फीड उपलब्ध असतील तर हा दुसरा मोड निवडायचं काहीच कारण नाही.

सर्वांत फसवी चूक इथेच होते. सहाही सप्लाय हिरवे, ओए म्हणतो रिडंडन्सी ठीक, आणि केबल मात्र एक सोडून एक अशा दोन पीडीयूंत (रॅकमधल्या वीजवाटप पट्ट्यांत) वाटलेल्या. कुठली केबल कुठल्या फीडवर गेली हे ओएला कळायला मार्ग नाही. पडताळणी एकच: खरा भार चढण्याआधी एक फीड मुद्दाम बंद करायचा, नेमके तीन सप्लाय गेले का ते पाहायचं, मग दुसऱ्या फीडचं तसंच. आणखी एक. डायनॅमिक पॉवर चालू असेल तर भार कमी असताना जास्तीचे सप्लाय स्टँडबायमध्ये जातात आणि त्यांचं आउटपुट शून्य दिसतं. तो बिघाड नाही, लगेच सुटा सप्लाय मागवायला धावू नये.

आता ब्लेड. आत हात घालायचा तो ब्लेड बाहेर असतानाच. बीएल४६०सी जेन९ मध्ये रॅमच्या १६ जागा आहेत, प्रत्येक प्रोसेसरला ८, आणि आधी पांढऱ्या जागा भरायच्या. रॅमवरचे बॅफल (हवेला दिशा देणारे पडदे) आणि वरचं झाकण परत लावल्याशिवाय ब्लेड आत ढकलू नये.

मेझॅनिन कार्डाची (ब्लेडच्या बोर्डावर बसणाऱ्या जोडकार्डाची) जागा ठरवताना चेसिसची मागची बाजू डोळ्यांसमोर हवी. अर्ध्या उंचीच्या ब्लेडवर नकाशा ठरलेला आहे. ब्लेडवरचं पहिलं नेटवर्क पोर्ट मागच्या इंटरकनेक्ट बे १ ला (नेटवर्क आणि स्टोरेजची मॉड्यूल बसतात ते बे), दुसरं बे २ ला. मेझॅनिन १ ची पोर्ट बे ३ आणि ४ ला. मेझॅनिन २ ची पहिली दोन ५ आणि ६ ला, चार पोर्टचं कार्ड असेल तर उरलेली ७ आणि ८ ला. ही जोडणी मिडप्लेनमध्ये, म्हणजे ब्लेडं आणि मागची मॉड्यूल जिला जुळतात त्या मधल्या पाटीत, कायमची आहे, सॉफ्टवेअरने बदलत नाही. समजा फायबर चॅनेलची, म्हणजे स्टोरेजच्या नेटवर्कची, मॉड्यूल ५ आणि ६ मध्ये आहेत आणि फायबर चॅनेलचं कार्ड मेझॅनिन १ मध्ये बसवलं. कार्डाची वाट आता ३ आणि ४ कडे, आणि तिथे इथरनेट. अशा वेळी ओए जुळणी नाकारतो, ब्लेडवर आय/ओ मिसमॅच दाखवतो आणि वीज देत नाही. पुष्कळदा यालाच ‘डेड ब्लेड’ समजून ते परत पाठवलं जातं. ३ आणि ४ रिकामे असतील तर प्रकार आणखी वाईट: ब्लेड झकास चालू होतं, फक्त स्टोरेज कधीच दिसत नाही. ‘शो सर्व्हर पोर्ट मॅप’ या आज्ञेपुढे बे नंबर दिला की कुठलं पोर्ट कुठल्या मॉड्यूलला पोचलं ते छापून येतं. ब्लेड बसवल्यावर ही यादी पाहणं सक्तीचं मानावं.

प्रत्यक्ष बसवणं दोन मिनिटांचं. ब्लँक काढून टॉर्चने मिडप्लेनचा कनेक्टर बघायचा, एखादी पिन वाकलेली दिसली तर तिथेच थांबायचं. मिडप्लेन पॅसिव्ह आहे, त्यात सहसा बिघडण्यासारखं काही नाही. पण पिन मोडली तर तो बदलायला अख्खी चेसिस रिकामी करावी लागते. ब्लेडच्या मागच्या कनेक्टरवर संरक्षक टोपी असेल तर ती काढायची. पुढचं बटण दाबून लिव्हर पूर्ण उघडायची, खालून आधार देत ब्लेड सरळ सरकवायचं आणि शेवटचा दाब हाताने नाही, लिव्हरने द्यायचा. लिव्हर अर्ध्यातच अडली तर जोर लावू नये. बाहेर काढून पुन्हा पाहावं, बहुतेक वेळा ब्लेड तिरपं गेलेलं असतं.

ब्लेड आत गेल्यावर घाई नडते. आधी आयएलओ, म्हणजे ब्लेडमधला दुरून देखरेख करू देणारा छोटा प्रोसेसर, जागं होतं, मग ओए ब्लेडची ओळख पटवतो, वीज आणि थंडाव्याची शिल्लक तपासतो आणि त्यानंतर वीज मंजूर करतो. मूळ सेटिंगमध्ये ब्लेड आपणहून चालू होतं. पॉवरचा दिवा अंबर असेल तर स्टँडबाय, हिरवा लुकलुकत असेल तर मंजुरीची वाट पाहतंय, स्थिर हिरवा म्हणजे चालू. लुकलुकताना बटण परत परत दाबण्यात अर्थ नाही. हेल्थचा दिवा वेगळा: स्थिर हिरवा ठीक, लुकलुकता अंबर म्हणजे काहीतरी खालावलंय, लुकलुकता लाल म्हणजे गंभीर. निळा दिवा फक्त ओळखीचा. अकरा सारख्या ब्लेडांतून योग्य तेच उपसायचं असेल तेव्हा तो लावल्याशिवाय हात पुढे करू नये.

दिव्यांवर मात्र थांबू नये. ओएच्या कमांड लाइनवर क्रम असा ठेवला आहे: ‘शो एन्क्लोजर स्टेटस’, मग ‘शो एन्क्लोजर फॅन ऑल’, ‘शो एन्क्लोजर पॉवरसप्लाय ऑल’, ‘शो इंटरकनेक्ट स्टेटस ऑल’ आणि शेवटी ‘शो सर्व्हर स्टेटस’ बे नंबरसह. या शेवटच्या उत्तरात पॉवर आणि हेल्थ या वरच्या ओळी वाचून लोक खिडकी मिटतात. खरी माहिती खालच्या निदानाच्या ओळींत असते: मॅनेजमेंट प्रोसेसर, आय/ओ कॉन्फिगरेशन, अपुरी वीज, अपुरा थंडावा, डिव्हाइसची जागा. ब्लेड चालू होत नाही तेव्हा कारण यांपैकी एका ओळीत लिहिलेलं असतं. ब्लेड यादीत अनोळखी म्हणून आलं तर ओएचं फर्मवेअर त्या पिढीपेक्षा जुनं असण्याची शक्यता मोठी. फर्मवेअर चढवताना आधी ओए, मग ब्लेडं; आणि दोन्ही ओएंवर आवृत्ती एकच.

सगळं ठीक असेल त्या दिवशी ‘शो ऑल’ चालवून उत्तर फाइलमध्ये ठेवून द्यावं. भलंमोठं निघतं, पण तीन महिन्यांनी काहीतरी विचित्र वागू लागलं की जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून फरक काढता येतो. त्यासाठी ओएला एनटीपीची, म्हणजे नेटवर्कवरून जुळवलेली, वेळ दिलेली असावी, नाहीतर ओए आणि आयएलओ यांच्या लॉगमधल्या वेळा जुळत नाहीत आणि आधी काय झालं यावरच वाद होतो.

आयएलओ गोठलं तर ब्लेड बाहेर ओढण्याची गरज नाही. ‘रीसेट सर्व्हर’ ही आज्ञा त्या बेची वीज इलेक्ट्रॉनिक फ्यूजने तोडून परत देते, हाताने काढून घातल्यासारखंच. नावावरून साधा रीस्टार्ट वाटतो, पण तसा तो नाही. चालू ऑपरेटिंग सिस्टिमसकट सगळं बंद होतं, म्हणून वर्कलोड हलवल्याशिवाय वापरू नये.

ओए दोन असले तरी सगळ्या ब्लेडांच्या आयएलओची वाट सक्रिय ओएच्या नेटवर्क केबलमधून जाते. दुसऱ्याला केबलच लावलेली नसते, कारण तो ‘नुसता स्टँडबाय’! मग ज्या दिवशी ताबा बदलतो त्या दिवशी सगळी आयएलओ एकदम गायब. ब्लेडं आणि त्यांचं डेटा नेटवर्क चालूच असतं, पण आत शिरायला वाट नाही. दोन्ही केबल लावून ‘फोर्स टेकओव्हर’ देऊन एकदा बघावं, आणि लिंक लॉस फेलओव्हर चालू करावं, म्हणजे केबल तुटली तरी ताबा बदलतो.

ईबीपा ही सोय या चेसिसमधली सर्वांत आवडलेली. आयएलओचा आयपी पत्ता बेला दिला की त्या जागी कुठलंही ब्लेड आलं तरी पत्ता तोच. अट एक, आयएलओ डीएचसीपीवर, म्हणजे पत्ता नेटवर्ककडून आपोआप घेण्यावर, असायला हवं. दुसरीकडून आलेल्या ब्लेडवर जुना स्थिर पत्ता तसाच असतो आणि ईबीपा त्याला हात लावत नाही. असं ब्लेड चेसिसमध्ये दिसतं पण पत्त्यावर सापडत नाही. पुढच्या कनेक्टरला एसयूव्ही केबल लावून कीबोर्ड आणि मॉनिटर जोडायचा आणि आयएलओ डीएचसीपीवर न्यायचं.

न आवडलेलं सांगायचं तर आवाज, वजन आणि चार-पाच ब्लेडांसाठीसुद्धा पूर्ण चेसिसचा विजेचा बंदोबस्त. आठपेक्षा कमी ब्लेडं लागणार असतील तर साधे रॅक सर्व्हर घ्यावेत.

ड्राइव्ह काढताना ट्रेवरचा ‘काढू नका’चा पांढरा दिवा लागलेला असेल तर थांबावं, तो ड्राइव्ह ओढला की लॉजिकल व्हॉल्यूम जातं. सुटे भाग म्हणून एक पंखा, एक पॉवर सप्लाय, एक ओए, चार ब्लँक आणि दोन एसयूव्ही केबल जवळ असू द्याव्यात. केबल दोन, कारण एक हमखास दुसऱ्या रॅकच्या मागे लटकत राहिलेली असते.