ड्रेसाज सॅडल ‘मापाने बनवून’ घेताना मी कशी फसले

लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं कारण लाज वाटते. बारा वर्षं घोड्यावर बसतेय, ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घ्यायचा खेळ, त्याचं सॅडल (खोगीर) कसं बघायचं ते नवीन मुलींना मीच सांगते, आणि तीच मी फसले. पण परवा कळलं की मला सॅडल विकणाऱ्या त्याच माणसाने अजून दोघींना गाठलंय, म्हणून आता लिहितेय.

आधी आकडे. ठरलेल्या किमतीच्या ४० टक्के बुकिंगला, ४० टक्के ‘ट्री (सॅडलचा आतला सांगाडा) तयार झाला’ म्हणून, २० टक्के माल निघायच्या आधी. शिवाय तबेल्यात येऊन माप घ्यायची फी ३ टक्के आणि पॅकिंग-कुरियरचे २ टक्के वेगळे. म्हणजे १०५ टक्के. माझे बरोब्बर चार पगार. परत मिळाले शून्य.

आता कुणीतरी म्हणणार की एवढी घाई कशाला केली. घाई नव्हती हो, अकरा महिने शोधत होते! माझी घोडी रेवा आखूड पाठीची, रुंद, विदर्स, म्हणजे मानेमागचा उंचवटा, जवळजवळ नाहीच, आणि माझ्या मांड्या लांब, मला १७.५ इंची सीट आणि लांब फ्लॅप, म्हणजे पायाखाली येणारी बाजूची चामडी झडप, लागतो. एक सॅडल तिच्या पाठीवर असं बसलं की हात घातला तर पॅनल, म्हणजे खालची गादी, सगळीकडे सारखा लागत होता, पण त्याचा ट्विस्ट, म्हणजे आपल्या मांड्यांच्या मधे येतो तो भाग, इतका रुंद की वीस मिनिटांत माझे खुबे भरून यायचे. दुसरं मला अंगाला शिवल्यासारखं, आणि तिच्या पाठीवर पुढे-मागे टेकलेलं, मधे चक्क तळहात जाईल एवढी पोकळी. तिसरं १८ इंची, ते दोघींनाही चाललं असतं पण त्याचं मागचं टोक शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जात होतं. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात आणि अठराव्या बरगडीच्या मागे वजन द्यायचंच नसतं, आखूड पाठीवर मोठी सीट बसवणार कुठे? आणि जम्पिंगच्या सॅडलवर भागव असं मला सांगू नका, एफईआय म्हणजे घोडेस्वारीची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या नियमातच ड्रेसाजला लांब, जवळपास उभा फ्लॅप सांगितलाय, आणि तो कशासाठी आहे ते लांब रकिबीत बसून बघा म्हणजे कळेल.

अशा वेळी हा माणूस भेटला. पहिल्याच फोनवर म्हणाला, “मॅडम, घोडीला बसतं ते तुम्हाला बसत नाही आणि तुम्हाला बसतं ते घोडीला बसत नाही, हेच ना?” अकरा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझं दुखणं माझ्याच शब्दांत सांगत होतं. मी तिथेच विरघळले. ब्रिटनच्या सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्सचं सर्टिफिकेट आहे म्हणाला. ती संस्था खरी आहे, १९६६ पासून आहे, परीक्षा घेऊन फिटरना, म्हणजे सॅडल मापाला बसवून देणाऱ्यांना, पात्रता देते, आणि पात्र फिटरची यादी उघड असते. दोन मिनिटांत नाव शोधता आलं असतं, मी शोधलं नाही. तुम्ही शोधा.

आणि फसवणारा अडाणी असतो असं बिलकुल समजू नका. त्याने वाकणारी पट्टी काढली, खवाट्याच्या मागे, मग पाठीच्या मधे, मग शेवटच्या बरगडीपाशी असं तीन ठिकाणी पाठीवर दाबून आकार घेतला, कार्डावर पेनने उतरवला, याला ट्रेसिंग म्हणतात. पुढचा पाय पुढे गेला की खवाटा मागे सरकतो, त्याला जागा सोडायला हवी हेही मला समजावलं. सगळं बरोबर! फक्त नमुन्याचं सॅडल ठेवलं ते जाड जेल पॅडवर, आणि मला वर बसवलं ते उभ्या घोडीवर, एक मिनिटसुद्धा नाही. ट्रॉट (दुडकी चाल) कर म्हणाला नाही, वर्तुळ नाही, काही नाही. गर्थ, म्हणजे पोटाखालचा पट्टा, ओढताना रेवाने कान मागे टाकले तर म्हणतो नखरे करतेय. ती नखरे करणारी घोडी नाहीये, मला माहितीये ते, तरी मी गप्प बसले. माप नेहमी उघड्या पाठीवर घ्यायचं, आणि सॅडल बसतं का ते चालत्या घोड्यावर बघायचं. पॅडखाली काहीही लपतं.

पण खरा क्षण तो नाही. खरा क्षण दुसऱ्या हप्त्याच्या आदल्या रात्रीचा. त्याने फोटो पाठवला, “हे तुमच्या घोडीचं ट्रेसिंग, यावरून ट्री सेट केलाय.” मी फोटो मोठा करून बघितला. पांढरं कार्ड, निळ्या पेनची रेघ, आणि ती रेघ घराच्या छपरासारखी वर निमुळती गेलेली. रेवाची पाठ पाटासारखी आहे. रोज सकाळी त्या पाठीवर मी खरारा करते, डोळे मिटून तिचा आकार काढून देईन मी! कार्डावर तारीख नाही, घोडीचं नाव नाही, डावं-उजवं लिहिलेलं नाही. मी ते बघितलं, मनात आलं हे रेवाचं नाही, आणि मग मीच स्वतःला समजावलं की फोटो तिरका काढला असेल. ४० टक्के आधीच गेले होते ना, आता शंका काढली तर तो नाराज होईल, काम मागे टाकेल, हेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे पाठवले. तो फोटो मी आजही दिवसातून दोनदा उघडून बघते. ट्रेसिंग तुमच्यासमोर काढलं की त्यावर तारीख, नाव, बाजू तुमच्या हाताने लिहा आणि फोटो तुम्ही काढा, कार्ड त्याला नंतर द्या.

सॅडल आलं. वरून चकाचक. १७.५ सांगितलेली सीट, पुढच्या बटणापासून कँटलच्या, म्हणजे मागच्या उंच कडेच्या, मधोमध टेप लावली तर १६.५. फ्लॅप उचलला, जिथे बनवणाऱ्याचा नंबर असतो तिथलं चामडं घासलेलं, वर काळं पॉलिश, बोट फिरवलं तर बोट काळं झालं. गर्थचे लांब पट्टे नव्या धाग्याने जोडलेले आणि बाजूची शिवण जुनी, पिवळट. रेवाच्या पाठीवर ठेवलं तर पुढून वर चढलेलं, कँटल खाली गेलेलं, म्हणजे ट्री अरुंद. मी बसले तर पाय पुढे आणि बूड मागे, खुर्चीत बसल्यासारखं, कारण रकिबीचा बार, म्हणजे रकिबीचा पट्टा जिथे अडकतो तो, इतका पुढे की टाच कंबरेखाली येईचना. म्हणजे घोडीचं तर सोडाच, माझंही माप कुणी बघितलेलं नव्हतं.

सात दिवस ट्रायल होती. अट अशी की रकिबीच्या पट्ट्याचा ओरखडा दिसला तर परत घेणार नाही. आता रकिबी न लावता ड्रेसाज सॅडल ट्राय करायचं कसं, सांगा ना? ओरखड्याचा फोटो मागून घेतला आणि नंबर ब्लॉक. मग सॅडल दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेलं. त्याने पॉमेल, म्हणजे पुढची उंच कड, मांडीशी दाबून कँटल ओढलं तर सीट मधेच घडी पडल्यासारखी वाकली आणि आतून कुरकुर आवाज. ट्री मोडलेला. पॅनल उसवला तर लोकरीच्या आत कापडाच्या चिंध्या. खोगीरभरती म्हणतात ती अशी समोर टेबलावर पडलेली बघितली आणि मला रडू आलं. ही सीट वाकवून बघायची परीक्षा पेटी उघडल्या उघडल्या करा, स्प्रिंग ट्री (लवचिक पट्ट्या असलेला) थोडा हलतो पण कुरकुरत नाही.

पुढचं तर विचारूच नका. पोलीस म्हणाले वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कुठे, हा दिवाणी मामला. मी म्हटलं अहो मोडकी वस्तू नवी म्हणून विकली, तर म्हणे घोड्याचं खोगीर आहे, घोडा तक्रार करतोय का? हसले सगळे. अर्ज दोनदा लिहून घेतला, पहिला हरवला म्हणून. पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेत. बँकेत गेले तर तुम्ही स्वतःहून पाठवलेत, ओटीपी तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. ज्या साइटवर जाहिरात होती त्यांचं उत्तर आलं तेरा दिवसांनी, खातं बंद केलंय, गैरसोयीबद्दल दिलगीर. खातं बंद केल्यामुळे माझं त्याच्याशी झालेलं सगळं चॅटही गेलं! बोलणं रोजच्या रोज स्वतःकडे सेव्ह करा, साइटच्या भरवशावर ठेवू नका. घोडेस्वारीच्या संघटनेला पत्र लिहिलं, तर साहित्याच्या खरेदी-विक्रीत आम्ही पडत नाही. ग्राहक आयोगात तज्ज्ञाचा दाखला मागतात, आणि जो तो म्हणतो सही मी नाही करणार, उगाच वाकडं कशाला घ्या. मग कुणी करायची ही सही? चार पगार गेलेत माझे आणि पत्राला उत्तर द्यायलाही कुणाला वेळ नाही.

त्या म्हाताऱ्या कारागिराने मात्र दोन ओळींचा दाखला लिहून दिला, पैसे घेतले नाहीत.

रेवा बरी आहे. मी फक्त तीनदा बसले होते, पाठ दाबली की दचकायची ते आता थांबलंय, लंजवर, म्हणजे लांब दोरीवर गोल, छान चालते.

आणि त्या दोघींपैकी एकीने मला तिच्या घोड्याचं म्हणून आलेलं ट्रेसिंग पाठवलं. तोच फोटो. तेच छप्पर, आणि उजवीकडे पेन घसरल्याची तीच छोटी रेघ. तुम्हाला किंवा ओळखीत कुणाला असा फोटो आला असेल तर मला लगेच कळवा, काही पुसू नका. तिसरा अर्ज सोमवारी देतेय, त्याला हे सगळे फोटो जोडणार आहे.