ग्रीन हिल झोन: चाहत्याच्या कल्पनेतून साकारलेला लेगोचा सॉनिक संच

सेगाच्या 1991 सालच्या 'सॉनिक द हेजहॉग' या व्हिडिओ गेमचा 'ग्रीन हिल झोन' हा पहिला टप्पा ज्यांनी मनापासून खेळला आहे, त्यांना नायक असलेल्या निळ्या सॉनिकइतकीच त्याच्या पायांखालची जमीनही आठवते: तपकिरी छटांच्या चौकडीची माती, तिच्यावर हिरवळीची टोकदार किनार, उंच झाडे, सूर्यफुले आणि धावता धावता अचानक समोर येणारे ते मोठे गोल वळण. लेगोचा 'सॉनिक द हेजहॉग – ग्रीन हिल झोन' हा 21331 क्रमांकाचा संच या जमिनीलाच नायकाचा मान देतो, आणि म्हणूनच व्हिडिओ गेमवर आधारित लेगो संचांमध्ये मी त्याला फार वरचे स्थान देतो.

या संचाची मूळ कल्पना कंपनीची नाही. ब्रिटनमधील व्हिव ग्रॅनेल या चाहत्यांनी ती 'लेगो आयडियाज' या उपक्रमात मांडली. तेथे एखाद्या रचनेला 10,000 लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी तिचा विचार करते. निवड झाल्यास कंपनीचे रचनाकार तिला अंतिम रूप देतात आणि निव्वळ विक्रीतील एक टक्का मूळ चाहत्याला मिळतो. 2012 मध्ये 'माइनक्राफ्ट'चा 480 तुकड्यांचा छोटा संच याच उपक्रमाच्या आधीच्या रूपातून बाजारात आला होता. त्याचे जगच मुळात ठोकळ्यांचे होते. सॉनिकचे जग मात्र वेगाचे आहे, आणि वेग स्थिर प्लॅस्टिकमध्ये कसा बांधायचा हा खरा कठीण प्रश्न होता.

दुसरी अडचण मापाची असते. पडद्यावरील पिक्सेल चौरस असतो, पण लेगोची सर्वांत लहान वीट 8 मिलिमीटर रुंद आणि 9.6 मिलिमीटर उंच असल्यामुळे, विटा नुसत्या एकावर एक रचत गेल्यास चित्र उभे ताणलेले दिसू लागते. पातळ प्लेटची उंची 3.2 मिलिमीटर असते. म्हणजे पाच प्लेटांची चळत दोन खुंटांच्या (विटेवरील गोल उंचवट्यांच्या), म्हणजे 16 मिलिमीटरच्या, रुंदीइतकी भरते, आणि या हिशेबाच्या आधारे तुकडे आडवे फिरवून प्रमाण साधण्याची युक्ती चाहते फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. जुन्या गेमचे दृश्य विटांत उतरवणाऱ्याला हे गणित टाळता येत नाही. प्रस्तुत संच हातभर अंतरावरून पाहिला असता चौकडीची माती लगेच ओळखू येते, आणि माझ्या दृष्टीने ही त्याची सर्वांत मोठी कमाई आहे.

1,125 तुकड्यांचा हा देखावा सुमारे 36 सेंटीमीटर लांब आणि 17 सेंटीमीटर उंच आहे, पण खोली जेमतेम 6 सेंटीमीटर. ही अरुंद ठेवण मला फार आवडली, कारण मूळ गेम आपण बाजूनेच पाहतो. मागे डोंगर किंवा आकाश उभारण्याचा मोह टाळल्यामुळे पुस्तकांच्या फळीवरही तो सहज मावतो. सोन्याच्या कड्या आहेत, टीव्हीच्या पेट्या आहेत, आणि कळ दाबली की सॉनिकला वर उडवणारी स्प्रिंगही आहे.

पात्रांच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतलेला दिसतो. प्रचलित लेगो माणसाच्या घडणीचा फक्त सॉनिक आहे. गेममधील खलनायक डॉक्टर एगमन आणि त्याचे उडते यान, तसेच मोटोबग आणि क्रॅबमीट हे दोन यांत्रिक शत्रू सुट्या तुकड्यांतून बांधावे लागतात. शत्रूंना ते शोभते. एगमन मात्र तयार आकृतीच्या रूपात हवा होता, ही रुखरुख राहते. आणखी एक तपशील जाणकारांना खटकेल: संचात सात केऑस एमराल्ड आहेत, पण 1991 च्या गेममध्ये ती रत्ने सहाच होती, सातवे पुढच्या भागात आले. मालिकेच्या एकूण परंपरेला धरून ते ठीक असले, तरी इतक्या निष्ठेने घडवलेल्या देखाव्यात सहाच ठेवली असती तर मला अधिक आनंद झाला असता.

बांधणीचा मधला भाग एकसुरी आहे. चौकडीची तीच तीच रचना पुनःपुन्हा करावी लागते, त्यामुळे लहान मुलांचा उत्साह टिकणे अवघड. खोक्यावरील '18 वर्षांपुढील' ही शिफारस मला योग्य वाटते. घरातील मुलांना खेळायलाच हवे असेल, तर 2023 पासून लेगोने स्वतंत्रपणे काढलेल्या सॉनिक मालिकेतील संच घ्यावेत. त्यांत टेल्स आणि एमी या सॉनिकच्या मित्रांच्याही आकृत्या मिळतात आणि सॉनिकला गोलात बसवून सोडण्याची सोय असते, जरी देखावा म्हणून ते संच याच्या जवळपासही येत नाहीत.

जानेवारी 2022 मध्ये आलेल्या या संचाचे उत्पादन आता थांबले आहे, त्यामुळे तो जुन्या संचांच्या विक्रेत्यांकडेच शोधावा लागतो. उघडलेला संच घेताना सॉनिकची आकृती आणि सातही रत्ने मोजून घ्यावीत. मातीचे तुकडे सुटे मिळू शकतात, पण त्या सॉनिकवाचून हा देखावा अपुरा राहील.