सात नगांचा सेट आणि चार बोटांची फट

बाळ यायला पाच आठवडे राहिले होते. रात्री पावणेदोन वाजता मी फोनवर त्याच्या कॉटचं अंथरूण मागवलं. वेळ मुद्दाम सांगतोय. हेच दिवसा, कुणाशी चार शब्द बोलून केलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

कॉट वापरलेली होती, एका सहकाऱ्याने दिलेली. ती मी अगदी कसून तपासली होती. फळ्यांमधलं अंतर 6 सेंटिमीटरच्या आत, एकही स्क्रू सैल नाही, बाजू वरखाली सरकणारी नाही. (तसल्या सरकत्या बाजूच्या कॉट विकायला अमेरिकेत 2011 पासून बंदी आहे. बाजू निखळली की जी फट पडते, तिच्यात बाळं अडकली होती.) म्हणजे मला मोजता येत होतं, वाचता येत होतं. पण कॉट झाली, आता अंथरूण काय, कापडाचा तर मामला, असं वाटलं. आणि पैसे संपत आले होते.

जाहिरात होती 'नवजात बाळासाठी संपूर्ण सात नगांचा सेट' अशी. गादी, चादर, रजई, मधे खळगा असलेली छोटी उशी, कॉटच्या आतून चारी बाजूंनी बांधायचा जाड बंपर आणि दोन लोड. सगळं 'शंभर टक्के ऑरगॅनिक कॉटन'. बाकी ठिकाणी ज्या किमतीत नुसती गादी मिळत होती, त्या किमतीत इथे सातही वस्तू. खाली घड्याळ उलटं पळत होतं, सूट संपायला 14 मिनिटं. दुसऱ्या दिवशी बायकोला दाखवायला तेच पान उघडलं, तर पुन्हा 14 मिनिटं. तेव्हाच ऑर्डर रद्द करायची होती. मी म्हटलं, चला, सूट वाढवली वाटतं.

ग्राहकांचे अभिप्राय वाचले नव्हते असंही नाही. भरपूर होते, सगळे पाच तारेवाले. त्यात एक होता, 'चार्जिंग पटकन होतं, वायर मजबूत आहे.' मी हसून पुढे गेलो. त्याचा अर्थ फार उशिरा कळला. दुसऱ्याच वस्तूचं जुनं पान घ्यायचं, तिथे साठलेले चांगले अभिप्राय तसेच ठेवायचे आणि फोटो व नाव बदलून नवा माल विकायचा, अशी ही युक्ती असते. म्हणजे ते पाच तारे एखाद्या चार्जरने कमावलेले होते. आता मी आधी एक तारेवाले अभिप्राय उघडतो आणि पानावरचा फोटो उचलून त्याच फोटोचा शोध घेतो. या सेटचा फोटो नंतर शोधला, तर तो सहा वेगवेगळ्या नावांच्या दुकानांत सापडला. खिडकी तीच, पडदा तोच, कॉटमध्ये बसवलेला कापडी ससाही तोच.

तीन आठवड्यांनी पार्सल आलं. हवा काढून चपटी केलेली एकच पिशवी. कापली तर आतून नव्या चपलेसारखा वास. ताई घरी आली होती. तिने चादर हातात घेतली, मुठीत घट्ट चुरगळली आणि सोडून दिली. चादर जशीच्या तशी उलगडली, एक सुरकुती नाही.

"अरे, सुती कापड असं वागतं होय?" ती म्हणाली.

ताईने मग चादरीवर पाण्याचा एक थेंब टाकला. तो मोत्यासारखा वरच बसून राहिला. (नव्या सुती कापडावर खळ असली तर त्यावरही थेंब क्षणभर थांबतो, म्हणून एकदा धुऊन मग बघावं. आम्ही नंतर तसंही बघितलं. थेंब काही हलला नाही.) शेवटी चादरीच्या कडेतून कापडाचाच (शिलाईचा नव्हे) एक धागा ओढून काढला आणि सिंकमध्ये, चिमट्यात धरून ज्योतीजवळ नेला. सुताचा धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि बोटाने चुरडली जाईल अशी मऊ राख उरते. हा धागा ज्योतीला भिऊन मागे आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा, कडक मणी होऊन बसला. निव्वळ पॉलिएस्टर. एक लक्षात घ्या, धागा कागदासारखा जळला म्हणून तो कापूसच असं होत नाही, लाकडाच्या लगद्यापासून केलेला व्हिस्कोजही तसाच जळतो. आणि कापूस ऑरगॅनिक आहे की नाही हे तर कुठलीच ज्योत सांगू शकत नाही. ही परीक्षा फक्त प्लास्टिक उघडं पाडते. आमच्यापुरतं तेवढं पुरलं.

पॉलिएस्टर म्हणजे विष नव्हे, उगाच कुणाला घाबरवायचं नाही. पण ते घाम शोषत नाही, आणि मी पैसे कापसाचे मोजले होते.

मग मी जाहिरातीतल्या शिक्क्यामागे लागलो. फोटोत ओएको-टेक्सचं, म्हणजे कापड तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं, चिन्ह होतं, तेच बघून मी भुललो होतो. या प्रमाणपत्राला क्रमांक असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. प्रमाणपत्र एका वर्षापुरतंच असतं, दरवर्षी नवं करावं लागतं. फोटो मोठा करकरून क्रमांक वाचला आणि टाकला, तर ते केव्हाच संपलेलं, भलत्याच कंपनीचं प्रमाणपत्र निघालं, तेही शिलाईच्या दोऱ्याचं. आणि खरं असतं तरी ऑरगॅनिकशी त्याचा संबंध नव्हता. ओएको-टेक्स स्टँडर्ड 100 हे कापडात अपायकारक रसायनं मर्यादेत आहेत की नाहीत एवढंच सांगतं. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कापडासाठी त्यात पहिला, म्हणजे सर्वांत कडक वर्ग असतो, तेवढा बघावा. ऑरगॅनिकसाठी गॉट्सचं (ऑरगॅनिक कापडाच्या जागतिक मानकाचं) प्रमाणपत्र वेगळं आहे. त्यात 'ऑरगॅनिक' असं नुसतं लिहायचं तर किमान 95 टक्के धागा ऑरगॅनिक लागतो. दोन्हीला क्रमांक असतो. क्रमांक नसलेला शिक्का म्हणजे नुसतं चित्र.

इथपर्यंत चिडचिड होती. भीती वाटली ती गादी पाहून. जाहिरातीत 120 बाय 60 सेंटिमीटर, टेपवर 115 बाय 53. कॉटमध्ये ठेवून एका बाजूला सरकवली तर दुसऱ्या बाजूला माझी चार बोटं आडवी सहज गेली. गादी आणि कॉट यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त फट असू नये, कारण बाळ त्या फटीत सरकलं तर त्याला तोंड फिरवून बाहेर काढता येत नाही. वरून तळवा दाबला तर तो रुतला आणि खूण तशीच राहिली. नवजात बाळाची गादी टणक हवी, हात उचलला की लगेच सपाट होणारी. आपल्याला ती कठोर वाटते, पाठ टेकून बघावी तर जीव हळहळतो, पण बाळाचं नाक-तोंड रुतू नये हे महत्त्वाचं. शिवण उसवून पाहिली. आत निळ्या, गुलाबी, पिवळ्या फोमचे तुकडे कोंबले होते. कुठल्या तरी जुन्या उशा नि सोफे फाडून भरलेले असावेत.

मला वाटलं होतं, फसवणूक इथे संपली. पण पुढच्या तपासणीला बायकोने डॉक्टरांना सेटबद्दल सांगितलं. त्यांनी कापडाचं काही विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "सातपैकी कॉटमध्ये काय काय ठेवणार होता तुम्ही?"

सगळंच, असं आम्ही म्हणालो.

"गादी आणि तिच्यावर घट्ट बसणारी चादर. बाकीचे पाच नग कॉटमध्ये जात नाहीत."

घरी येऊन मी वाचत बसलो. हे काही नवीन किंवा गुप्त नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2022 मध्ये आपल्या सूचना नव्याने काढल्या, त्यात हेच आहे: बाळाला पाठीवर, टणक आणि सपाट जागी निजवा, कॉटमध्ये उशी, रजई, बंपर, मऊ खेळणी नकोत. त्याच वर्षी तिथे जाड बंपर आणि उतरती झोपायची साधनं विकायला कायद्याने बंदी आली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) डोक्याला आकार देणाऱ्या उशा बाळांसाठी वापरू नका असं बजावलं. आमच्या सेटमधली खळग्याची उशी नेमकी तीच, आणि जाहिरातीत 'डोकं गोल राहण्यासाठी' असं लिहिलेलं. थंडी असेल तर रजईऐवजी गळ्याशी आणि बगलेशी बरोबर बसणारी, डोक्यावर न सरकणारी अंगातली झोपण्याची पिशवी असते, ती पुरते.

म्हणजे माल अस्सल निघाला असता तरी पाच नग बाहेरच राहायचे. स्वस्त मिळाले म्हणून मी ज्यावर खूश होतो, ते बहुतेक न घेण्यासारखं होतं. कापडात मला त्यांनी फसवलं. पण यादीत काय असावं हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो, आणि ते कुठल्याही तक्रारीत लिहिता येत नाही.

पैसे परत मागण्याचं प्रकरण तर ठरलेल्या नाटकासारखं चाललं. पहिलं उत्तर फार गोड: तुम्हाला त्रास झाला, क्षमस्व, माल ठेवून घ्या, 15 टक्के परत देतो. मी नाही म्हटलं. चार दिवस शांतता. मग 20 टक्के. मग 'बाळाच्या वस्तू स्वच्छतेच्या कारणाने परत घेत नाही.' मी चिडून लिहिलं, तेव्हा परदेशातला एक पत्ता आला आणि पार्सलचा खर्च माझ्यावर. तो खर्च सेटच्या किमतीहून जास्त होता. प्रत्येक उत्तराला चार-पाच दिवस. हे दिवस ते मुद्दाम काढत असतात, कारण कार्डाने दिलेल्या पैशांबद्दल बँकेकडे तक्रार करायला मुदत असते. मोठ्या कार्ड कंपन्यांच्या नियमांत ती साधारण 120 दिवसांची असते, एखाद्या बँकेची त्याहून कमीही.

मधल्या काळात बाळ आलं. झोप नाही, डोकं जागेवर नाही. अशा एका पहाटे 30 टक्क्यांचा प्रस्ताव आला आणि मी 'मान्य' वर बोट ठेवलं. पुढे बँकेत तक्रार केली तर त्यांनी तोच मेल दाखवला: तुम्ही तडजोड स्वीकारली आहे, आता प्रकरण बंद. बरं, भांडायला पुरावा तरी काय होता? जाहिरातीचं पान तोवर गायब झालेलं. मी त्याचा स्क्रीनशॉट घेतला नव्हता. पावतीवर ना कापूस, ना माप. तिथे नुसतं 'बेबी सेट, 1 नग'. सातचा एक झाला होता.

तुम्हाला असं काही मागवायचंच असेल तर पैसे भरण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवा, कापड आणि माप दिसेल असा. पार्सल कापताना व्हिडिओ घ्या. गादीला टेप लावून तिचाही फोटो काढा. आणि पहिल्या गोड उत्तरानंतर वाट न बघता थेट बँकेत जा.

बाळ घरी यायच्या आदल्या दिवशी मी टेप खिशात घालून दुकानात गेलो. विक्रेत्याने विचारलं, "न्यूबॉर्नसाठी पूर्ण सेट दाखवू का? त्यात फायदा आहे."

"सेट नको. एक टणक गादी आणि तीन सुती चादरी. चादर जरा उलटी करून दाखवता?"

त्याने उलटी केली. इलॅस्टिक चारी कडांना सलग होतं, नुसतं कोपऱ्यांना नव्हे. मी ती मुठीत चुरगळली आणि सोडली. चांगली सुरकुतली होती. विक्रेत्याचं तोंड वाकडं झालं. म्हणाला, "अहो, इस्त्री बिघडवलीत."

"हीच द्या," मी म्हणालो, आणि गादीला टेप लावला.