अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा पटखेळ: दापोलीच्या पडवीत खेळून पाहिल्यावर

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावरचा हा पटखेळ आम्ही जूनमध्ये घेतला आणि पावसाळ्यात, वीज गेलेल्या संध्याकाळी, घराच्या पडवीत बसून त्याचे पाच डाव शेवटपर्यंत खेळलो. लाल ठोकळे ब्रिटिश फौजेचे, निळे वॉशिंग्टनच्या सैन्याचे आणि हिरवे राजाशी एकनिष्ठ राहिलेल्या अमेरिकनांचे. या हिरव्या ठोकळ्यांसाठीच हा खेळ घ्यावा, असे माझे मत झाले आहे.

शाळेत आपण हे युद्ध तेरा वसाहती विरुद्ध इंग्लंड असे शिकलो. इथे मात्र प्रत्येक वसाहतीत निळा आणि हिरवा ठोकळा शेजारी शेजारी मांडूनच डाव सुरू होतो. ७ ऑक्टोबर १७८० च्या किंग्ज माउंटनच्या लढाईत लाल ठोकळा एकच, सेनानी पॅट्रिक फर्ग्युसन याचा, आणि बाकी लढणारे दोन्हीकडचे अमेरिकनच, हे पाहून माझा भाचा बराच वेळ काही बोलला नाही. बेंजामिन फ्रँकलिन स्वातंत्र्याच्या बाजूला आणि त्यांचा मुलगा विल्यम, न्यू जर्सीचा गव्हर्नर, राजाच्या बाजूला, अशी फूट घराघरांत पडली होती. १७५६ साली विजयदुर्गाजवळ तुळाजी आंग्र्यांचे आरमार इंग्रजांच्या माऱ्यात जळाले, तेव्हा पेशव्यांची फौज इंग्रजांच्या जोडीने उतरली होती. त्यामुळे कोकणातल्या माणसाला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

लष्करी बळाची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. लाल ठोकळा मोकळ्या मैदानात भारी पडतो, पण त्याची रसद अटलांटिक ओलांडून यावी लागते, आणि जर्मन संस्थानांकडून भाड्याने आणलेल्या सुमारे ३०,००० सैनिकांची भर पडूनही जिंकलेला मुलूख राखायला माणसे पुरत नाहीत. निळ्या बाजूचे सैनिक मुदत भरली की घरी निघून जातात. १७७८ च्या तहाने फ्रान्स अमेरिकनांच्या बाजूने उतरला की डाव समुद्राकडे वळतो. हर्णैच्या बंदरात सुवर्णदुर्ग रोज पाहणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी पहिल्याच डावात फ्रेंच जहाजे चेसापीक उपसागराच्या तोंडाशी नेऊन ठेवली. ५ सप्टेंबर १७८१ रोजी फ्रेंच नौसेनापती द ग्रास यांच्या २४ युद्धनौकांनी ब्रिटिशांच्या १९ नौकांना तिथेच अडवले, आणि यॉर्कटाउनमध्ये कोंडलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस १९ ऑक्टोबरला शरण आला.

पुठ्ठा मात्र कोकणच्या हवेला टिकणारा नाही. श्रावण लागेपर्यंत पट घडीवर उचलला गेला आणि रोज रात्री पाटाखाली दाबून ठेवावा लागला. नियमपुस्तिका इंग्रजीत आहे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. वसाहतींच्या सुमारे २५ लाख वस्तीत जवळपास ५ लाख माणसे गुलामीत होती. बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या सैन्यात येतील त्यांना मुक्त करण्याची घोषणा व्हर्जिनियाचा गव्हर्नर डन्मोर याने नोव्हेंबर १७७५ मध्ये केली, आणि या एवढ्या मोठ्या गोष्टीला खेळात एकच पत्ता आहे, तोही वापरून झाला की बाद. इरोक्वॉय या मूळ अमेरिकन जमातींच्या संघातले मोहॉक ब्रिटिशांकडे, तर ओनायडा अमेरिकनांकडे गेले, तरी त्या सर्वांना एकच पिवळा मणी दिला आहे.

डन्मोरचा पत्ता बाद न करता पटावरच ठेवायचा, असा नियम आम्ही घरी केला आहे. तेव्हापासून दक्षिणेतला निळा खेळाडू दोन ठोकळे लढाईवरून मागे घेऊन मळ्यांच्या पहाऱ्याला ठेवतो.