कढीपत्त्यावरचं अंडं आणि ९० एमएमची लेन्स

बडोद्यात रावपुऱ्यातल्या आमच्या गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी आहे. पावसाळ्यात लाईम बटरफ्लाय नावाचं फुलपाखरू येतं आणि कोवळ्या पानांवर एकेक अंडं चिकटवून जातं. फिकट पिवळं, गोल, जेमतेम एक मिलिमीटरचं. माझी सगळी कॅमेरा खरेदी त्या अंड्यावरून ठरली.

दुकानात गेलं की आधी बॉडी हातात देतात आणि मेगापिक्सेल सांगायला लागतात. मॅक्रो, म्हणजे इवल्याशा गोष्टींचे अगदी जवळून फोटो, करणाऱ्याने त्यांना थांबवून आधी लेन्स मागावी. आपल्याला जे टिपायचंय ते जी लेन्स टिपते, ती ज्या माउंटला (कॅमेऱ्याच्या लेन्स अडकवायच्या कडीला) बसते तो कॅमेरा आपला.

माझ्या भाचीकडे निकॉनचा फुल फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरचा) कॅमेरा आणि झेड १०५ एमएम मॅक्रो आहे. तिच्याबरोबर दोन रविवार सकाळी कमाटीबागेत काढले. चतुराच्या पंखातली जाळी त्या लेन्सने अशी दाखवली की मी बघतच राहिले. पण ती एकास एक लेन्स आहे, वस्तू सेन्सरवर खऱ्या मापाचीच उमटवते. म्हणजे पूर्ण चौकटीत ३६ मिलिमीटर रुंदीचा तुकडा मावतो, आणि त्यात माझं अंडं म्हणजे ताटात मोहरी. शिवाय नुसती लेन्स ६३० ग्रॅम, बॉडी धरून सव्वा किलोच्या वर. बँकेत तीस वर्षं काढलेल्या माझ्या मनगटाला ते अर्ध्या तासात जड झालं.

कॅननच्या एमपी-ई ६५ चाही विचार केला. १९९९ सालची, पाचपट मोठं दाखवणारी. पण ती एकपटीपासूनच सुरू होते, लांबचं काही तिला दिसत नाही. फोकस हातानेच, आणि पाचपटीला कीटक लेन्सपासून फक्त चार सेंटीमीटरवर. टेबलावर, स्टँड लावून काम करणाऱ्यांसाठी ती उत्तम. वाऱ्याने डुलणाऱ्या कढीपत्त्यासाठी नाही.

मग ओएम सिस्टीमची (पूर्वीची ऑलिंपस) ९० एमएम एफ ३.५ मॅक्रो दोन दिवस भाड्याने आणली. २०२३ साली आलेली, ४५३ ग्रॅमची, दुप्पट मोठं दाखवणारी. या कॅमेऱ्यांचा सेन्सर १७.३ मिलिमीटर रुंद, त्यामुळे दुपटीला चौकटीत जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर मावतात. अंडं चौकटीच्या रुंदीच्या नवव्या हिश्शाएवढं झालं! त्याच्या कवचावरची चमक मी पहिल्यांदा तेव्हा पाहिली. गॅलरीतला पाच मिलिमीटरचा उड्या मारणारा कोळी तर अर्ध्याहून जास्त चौकट भरतो, आणि ऑटोफोकस त्याच्या डोळ्यांवर बसतो. दुपटीला लेन्सच्या तोंडापुढे सहा-सात सेंटीमीटर जागा उरते. तेवढ्यात फ्लॅशचा उजेड घालायचा म्हणजे डिफ्युजर (उजेड मऊ करून पसरवणारा पडदा) घरीच, ट्रेसिंग पेपरचा करावा लागला.

इतक्या जवळून एका फोटोत विषयाचा पातळसा थरच स्पष्ट येतो. म्हणून बॉडी ओएम-५ घेतली, कारण ती फोकस थोडा थोडा सरकवत पंधरापर्यंत फोटो काढते आणि कॅमेऱ्यातच जोडून देते. कडा थोड्या कापल्या जातात, म्हणून विषय मधोमध ठेवायचा. दोन्ही मिळून साधारण ८७० ग्रॅम.

उणं काय, तर दुपटीला लेन्सचं छिद्र एफ ५ च्या पुढे उघडत नाही, म्हणजे उजेड कमी येतो, आणि लहान सेन्सरमुळे संध्याकाळच्या उजेडात दाणे लवकर दिसतात. फ्लॅशशिवाय माझं तरी चालत नाही. आणि लेन्स बॉडीपेक्षा महाग पडली. ज्यांना फुलं, फुलपाखरं, टाचण्या (चतुरासारखे बारीक कीटक) एवढंच हवंय त्यांनी याच माउंटची जुनी ६० एमएम मॅक्रो बघावी. १८५ ग्रॅम, एकास एक, खिशात मावते. आणि घरात टेलिफोटो पडून असेल तर त्याच्या तोंडावर रेनॉक्स डीसीआर-२५० हे जवळचं मोठं दाखवणारं भिंग लावून महिनाभर काढा. मी तसंच सुरू केलं होतं.

परवा सकाळी अंडं काळपट दिसलं म्हणून चहा तसाच ठेवून बसले. तासाभराने अळी बाहेर आली आणि वळून स्वतःचंच कवच खायला लागली. त्याचे सतरा फोटो आहेत माझ्याकडे.