फ्रीकॅडवर नऊ महिने : जळगावातल्या एका डाय-शॉपचा अनुभव

जळगाव एमआयडीसीत आमचं छोटं डाय-शॉप आहे, म्हणजे प्लास्टिकचे पार्ट बनवायच्या लोखंडी साच्यांचा कारखाना. नऊ महिन्यांपासून त्या डाय आम्ही फ्रीकॅड नावाच्या थ्री-डी डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काढतो. एक सेकंडहँड व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारं मिलिंग मशीन), एक लेथ, एक सरफेस ग्राइंडर आणि आप्पा. ठिबकच्या फिटिंगच्या डाय हे मुख्य काम : जॉइनर, टेकऑफ, एंड कॅप. मधूनच एखादा डाळ मिलवाला तुटलेला पार्ट पिशवीत घालून आणतो आणि ‘असाच पाहिजे, उद्या पाहिजे’ म्हणतो.

आधी टू-डी ड्रॉइंग घरी आणि थ्री-डी बाहेर, असं चालायचं. बाहेरचा माणूस चांगला होता, पण मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या केळी लागवडीच्या, आधी सगळ्या जळगावाला एकदमच फिटिंग लागतात आणि तेव्हा त्याच्याकडे आमचा नंबर चौथा-पाचवा. कॉलेजात सॉलिडवर्क्स हे थ्री-डीचं सॉफ्टवेअर शिकलेला भाचा म्हणाला, मामा, तेच घ्या. वर्षाचं भाडं ऐकून मी विषय बदलला. फ्यूजन हे तसलंच दुसरं, त्याची फुकट आवृत्ती आहे, पण ती वैयक्तिक वापरासाठी, धंद्यासाठी नाही. फ्रीकॅडला ती अट नाही. मुक्त परवान्याचं सॉफ्टवेअर, त्यावर खुशाल कमवा. २००२ पासून ते बनतंय आणि त्याची १.० आवृत्ती आली नोव्हेंबर २०२४ मध्ये. बावीस वर्षांनी ‘एक’ म्हणणारी माणसं बढाई मारणारी नसावीत, एवढ्या हिशेबावर मी ते उतरवून घेतलं.

पहिला महिना वाया गेला, हे आधीच सांगतो. टू-डीची सवय असलेला माणूस रेघा ओढत सुटतो. इथे रेघ ओढून भागत नाही, तिला बांधावं लागतं : ही आडवी, ही तिला समांतर, हे अंतर इतकं. सगळं बांधून झालं की स्केच हिरवं होतं. मी पंधरा दिवस हिरवं न करताच पुढे जात होतो आणि एक माप बदललं की सगळा पार्ट वाकडातिकडा. भाच्याने एकदाच पाहिलं आणि हसला.

खरा फायदा मला ड्रॉइंगमध्ये नाही, स्प्रेडशीटमध्ये झाला. फ्रीकॅडच्या आतच तक्ता असतो. सेलला नाव द्यायचं आणि स्केचमधल्या मापाला ते नाव जोडायचं. आमचं सगळं काम १२, १६ आणि २० मिलिमीटरच्या लॅटरलभोवती, म्हणजे ठिबकच्या नळीभोवती, फिरतं. आकार तोच, मापं वेगळी. जॉइनर एकदा नीट बांधला, आता दुसऱ्या साइजला तक्त्यातले सात आकडे बदलतो.

आणि श्रिंकेज. बाहेरच्यांना म्हणून सांगतो : प्लास्टिक थंड होताना आकसतं, म्हणून डाय तेवढी मोठी कापायची. पॉलिप्रॉपिलीन (पीपी) साधारण एक ते अडीच टक्के आकसतं, एचडीपीई हे दुसरं प्लास्टिक त्याहून थोडं जास्त. आम्ही पीपीला दीड टक्का धरतो. नळी घट्ट धरणारा बार्ब १५.२ मिलिमीटर हवा असेल तर कॅव्हिटी, म्हणजे डायमधली पोकळी, १५.४३. हे गुणाकार आधी आप्पा खोक्याच्या पुठ्ठ्यावर करायचे. वीस मापांत एखादं गुणायचं राहून जायचं आणि ते ट्रायलच्या दिवशी कळायचं. आता १.०१५ एका सेलमध्ये आहे. पार्टीने मटेरियल बदललं तर तो एकच आकडा बदलायचा.

हे मी मोठ्या कौतुकाने आप्पांना दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, ‘‘१५.४३ कापलं आन माल कमी आकसला, तर भाऊ, लोखंड परत कुठून आनसान?’’

बरोबर होतं त्यांचं. कॅव्हिटी जरा लहान ठेवायची, कोअर, म्हणजे पार्टला आतून पोकळ ठेवणारा दांडा, जरा जाड. ट्रायल घेऊन मग लागेल तेवढं कापायचं. काढलेलं स्टील परत लागत नाही, वेल्डिंग करून लावलं तर ते दिसतं. आप्पा कॅव्हिटी १५.३८ कापायचे, हे मला वीस वर्षांत माहीतच नव्हतं. मला वाटायचं त्यांचा हिशेब पाच पॉइंटने चुकतो. तक्त्यात आता आणखी एक सेल आहे. त्याचं नाव ‘आप्पा’, किंमत ०.०५. कॅव्हिटीत वजा, कोअरमध्ये अधिक. ट्रायल पास झाली की तो शून्य करतो.

आता त्रासाचं. फ्रीकॅडचं जुनं, सगळ्यांना ठाऊक असलेलं दुखणं म्हणजे पार्टच्या बाजूंना ते आपलं आपण नंबर देतं आणि मागे जाऊन काही बदललं की सहा नंबरची बाजू सात होते. सहावर काढलेलं भोक मग भलतीकडेच. १.० मध्ये हे पुष्कळ सुधारलंय, संपलेलं नाही. उपाय साधा आहे : स्केच पार्टच्या बाजूवर न टेकवता मूळ प्लेनवर टेकवायचं आणि कडांची गोलाई, म्हणजे फिलेट, अगदी शेवटी द्यायची. फिलेट हा त्याच्या आतल्या, आकार घडवणाऱ्या ओपनकॅस्केड इंजिनाचाच कच्चा दुवा. गोलाई शेजारच्या कडेइतकी झाली की ते हात वर करतं. मग एकऐवजी ०.९९ द्यायची आणि गप्प बसायचं.

कॅमबद्दल, म्हणजे मॉडेलवरून मशीनचा प्रोग्रॅम काढणाऱ्या भागाबद्दल, माझं मत दोन तुकड्यांत आहे. सपाट पॉकेट, भोकं, बाहेरची कड, रफिंग – मस्त. त्यातलं अ‍ॅडॅप्टिव्ह क्लिअरिंग टूलवर सारखा भार ठेवतं, आवाजावरूनच कळतं. पण वळणदार सरफेसचं फिनिशिंग अजून प्रायोगिक खात्यात आहे. त्यावर डायचं स्टील लावायची माझी छाती नाही. तसलं काम मी स्टेप फाइल (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी) काढून आजही बाहेर देतो. फक्त आता मॉडेल आमचं असतं, त्यामुळे नंबर लवकर लागतो.

पोस्ट-प्रोसेसर, म्हणजे तो प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत लिहिणारा भाग, आमच्या मशीनच्या सवयीप्रमाणे थोडा बदलावा लागला. तो पायथनचा साधा मजकूर असतो, भाच्याने एका संध्याकाळी केला. गडबड केली ती मी. एका एंड कॅपच्या प्रोग्रॅममध्ये टूल आणखी वर उचलावं म्हणून मशीनवरच हाताने झेड ५० टाइप केलं आणि दशांशचिन्ह विसरलो. बऱ्याच कंट्रोलवर चिन्ह नसलेला आकडा मायक्रॉनमध्ये धरला जातो. टूल पन्नास मिलिमीटरऐवजी पन्नास मायक्रॉनवर थांबलं आणि रॅपिडमध्ये, म्हणजे पूर्ण वेगात, सरळ क्लॅम्पवर गेलं. सहाचा एंडमिल तुटला, क्लॅम्पवर खाच पडली. ती खाच आप्पा नव्या पोराला दाखवतात. सॉफ्टवेअरने काढलेल्या फाइलमध्ये पॉइंट होता, हे मला कबूल करावं लागेल.

बाकी किरकोळ. साधा आठ जीबीचा कॉम्प्युटर पुरतो, पण आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की दुपारी तो धापा टाकतो. जड काम मी सकाळी दहाच्या आत उरकतो. लाईटीचा भरवसा नाही, म्हणून ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर. असेंब्ली, म्हणजे पार्ट एकत्र जोडून बघायची सोय, आता आतच मिळते. डाय उघडताना माल बाहेर ढकलणारी इजेक्टर पिन कुठे अडते ते बघायला पुरेशी. शिकायला मराठीत फारसं काही सापडत नाही, मी इंग्रजी व्हिडिओ थांबवून थांबवून शिकलो.

रोजच्या रोज थ्री-डी फिनिशिंग करणाऱ्याने घेऊ नये. आमच्यासारखे ठरलेले आकार आणि फिरती मापं ज्यांची आहेत त्यांनी एक महिना वाया जाईल हे धरून घ्यावं. मी आता परत जाणार नाही.

ड्रॉइंगची शीट मात्र अजून कागदावरच निघते. आप्पा स्क्रीनपाशी येत नाहीत. ए-फोरवरचे आकडे त्यांना दिसत नाहीत, म्हणून मी ए-थ्रीच्या प्रिंट काढून आणतो, आणि आप्पा कॅव्हिटीच्या मापाशेजारी पेन्सिलीने स्वतःचा आकडा लिहून बघतात. गेल्या चार डायमध्ये दोन्ही आकडे सारखेच आले.