टेपखालचं अस्तर: राइल्स ट्यूबसाठी हायड्रोकोलॉइड शीट, सव्वा महिना वापरून

आमच्या अण्णांना (माझे सासरे, वय 81) मार्चमध्ये लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणंही. घरी आले ते नाकात राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, घेऊनच. नळीतून पेज, दूध, मुगाचं पाणी कसं द्यायचं ते दवाखान्यात नीट शिकवलं. नळी चेहऱ्यावर चिकटवायची कशी, हे मात्र कुणी सांगितलं नाही. तिथे तर ती नाकपुडीतून वर वळवून कापडी टेपने थेट कपाळाला ठोकून दिली होती. घरी येणाऱ्या सिस्टरने ती सोडवली तेव्हा नाकपुडीच्या काठावर जांभळा वळ आणि गालावर टेपच्या मापाचा लालभडक चौकोन. एका कोपऱ्यात सालही निघालेलं.

मी इंदूरला लोकमान्य नगरात घरीच ब्लाउज शिवते, सत्तावीस वर्षं झाली. त्यामुळे टेपही मला कापडासारखीच दिसते. लवचिक टेप ताणून लावली की ती आपल्या मूळ मापावर परत यायला बघते. बाहीला इलॅस्टिक खेचून लावलं की कशा चुण्या पडतात? तेच. इथे त्या कातडीला पडतात, आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी मलमलीहून नाजूक. वर आम्ही रोज टेप बदलत होतो, म्हणजे रोज तीच जागा सोलत होतो.

सिस्टर म्हणाली, गालावर आधी हायड्रोकोलॉइडचा, म्हणजे जखमेवर लावतात त्या मऊ चिकट शीटचा, तुकडा लावा आणि टेप त्याच्यावर. म्हणजे अस्तर! हे मला एका शब्दात कळलं.

दवा बाजारात गेले. पहिल्या दोन दुकानांत "दीदी, पूरा डब्बा लेना पड़ेगा." तिसऱ्याने सुटी दिली, 10 बाय 10 सेंटिमीटरची एक, 240 रुपयांना. घेताना पातळ मागा. जाड असते ती जखमेसाठी, गालावर ती गादीसारखी फुगते आणि उशीला घासून कडा उलटतात. पातळ शीटमधून खालची कातडी थोडी दिसते, तोही फायदाच.

एका शीटमध्ये माझे सहा तुकडे निघतात. कोपरे गोल कापायचे, बाळाच्या लाळेऱ्याला देतो तसे, कारण टोकदार कोपरा सगळ्यात आधी सुटतो. अण्णांची दाढी करून, गाल साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करते. क्रीम नाही, पावडर नाही. तुकडा दोन्ही तळव्यांत मिनिटभर धरून गरम करायचा, मग लावून वर हात ठेवून बसायचं. अंगाच्या उबेनेच तो चिकटतो. आता त्यावर नळी आणि नळीवर टेप, न ताणता. टेप अस्तराच्या आतच राहिली पाहिजे. दोऱ्याएवढी बाहेर गेली तरी तिथेच लाल होतं. टेप मळली की बदलते, खालचा तुकडा चार-पाच दिवस तसाच राहतो. सोलायची वेळ रोजच्याऐवजी आठवड्यातून एक-दोनदा येते. या शीटचं सगळं काम एवढंच आहे.

नाकावर ही शीट मी लावत नाही. तिथे टेपचा पायजमा. सात सेंटिमीटरची पट्टी अर्ध्यापर्यंत उभी चिरायची. न चिरलेला भाग नाकाच्या दांड्यावर, एक पाय नळीभोवती एका बाजूने, दुसरा उलट्या बाजूने. पायांची टोकं जराशी दुमडून ठेवा, सोडवताना नख लावावं लागत नाही. नळी नाकपुडीतून सरळ खाली उतरली पाहिजे, काठाला कुठेच टेकता कामा नये. पुढे गालापर्यंत मान वळवण्याइतकी ढील ठेवा, पण बोट अडकेल इतकी नको. अण्णांचा डावा हात अजून चलाख आहे. आधी गाल खाजवता खाजवता त्यांनी एकदा नळी अर्धी ओढली होती. आता तो हात तिकडे फारसा जात नाही. त्यावरून कळतं की खाज थांबली.

गालाचा चौकोन दहा दिवसांत गेला. नाकपुडीचा वळ गेला तो नळी सरळ केल्यामुळे, त्याचं श्रेय शीटला नाही. नळी आत जागेवर आहे का, हेही शीट सांगत नाही. त्यासाठी नाकपुडीपाशी नळीवर मार्करची खूण केली आहे, प्रत्येक वेळी पेज देण्याआधी ती बघते. खूण सरकलेली दिसली तर पेज बंद आणि सिस्टरला फोन. आपण आत ढकलायची नाही.

आता तक्रारी. मे महिन्यात आमच्या दुपारच्या खोलीत कडा वितळल्यासारख्या होतात आणि त्यांना चादरीचे तंतू चिकटतात. पहिल्यांदा काढली तेव्हा खाली पिवळट, वास येणारा चिकट लगदा होता. मला वाटलं पू झाला, हे तर घाबरून गाडी काढायला निघाले. तो शीटचाच भाग, घाम शोषून तसा होतो. पुसल्यावर खाली कातडी स्वच्छ होती. दुकानदाराने एवढं तरी सांगायचं! खालची कातडी ओली, सुजलेली किंवा फुटलेली दिसली तर मात्र नवीन तुकडा लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

काढताना वर उचकटू नका. एका हाताने गाल दाबून धरा आणि शीट गालाला समांतर, हळूहळू ओढा. खोबरेल लावलं तर पटकन सुटते, पण मग साबणाने तेल काढावं लागतं, नाहीतर नवीन तुकडा तासाभरात खाली.

पैसे वसूल झाले, मी तिसऱ्यांदा आणली. पहिल्या वेळी डबा घेऊ नका, एक सुटी आणून बघा. आणि कात्री वेगळी ठेवा. माझ्या कात्रीला याचा गोंद लागला होता, परवा तिने एका चंदेरी ब्लाउजपीसचा धागा ओढला. गिऱ्हाइकाला अजून सांगितलेलं नाही.